सामर्थ्य नाकारणारा संमोहक

मानसशास्त्राच्या इतिहासात व्हिएन्ना, पॅरिस, लाइपझिग ही नावे वारंवार येतात. बारदेशातील कांदोळी हे गाव क्वचितच येते. याच गावी ३१ मे १७५६ रोजी जोजे कुस्तोदियो द फारिया अर्थात आबे फारिया यांचा जन्म झाला. १७७१ साली ते वडिलांसमवेत पोर्तुगालला गेले, रोममध्ये शिकले आणि १७८० साली धर्मगुरू झाले. १७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीस आला आणि संशयाची छाया या पितापुत्रांवरही पडली. पुढल्याच वर्षी फारियांनी पॅरिस गाठले.

मेस्मरच्या प्राणिचुंबकत्वाचा वाद तेथे नुकताच गाजून गेला होता. संमोहकाच्या देहातून अदृश्य द्रव वाहतो, हा मेस्मरचा दावा. असा द्रवच नाही, सारा कल्पनेचा खेळ आहे, हा १७८४ सालच्या राजनियुक्त समितीचा निष्कर्ष. १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करणाऱ्या फारियांनी तिसरी वाट काढली. निद्रा खरी आहे. परंतु तिचे कारण निजणाऱ्याच्या ठायी आहे, निजवणाऱ्याच्या हातात नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. केवळ निजण्याची आज्ञा देऊन ते हे दाखवीत. रक्ताच्या पातळपणाशी त्यांनी लावलेला संबंध पुढे टिकला नाही. सूचनेचे तत्त्व मात्र टिकले.

ज्या सामर्थ्यावर मान आणि धन मिळावे, तेच नाकारणाऱ्याच्या वाट्याला उपहास आला. १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टवाळी करणारे प्रहसन झाले. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते विपन्नावस्थेत निवर्तले.

पुढे ब्रेडने १८४३ साली या विद्येला आजचे नाव रूढ केले. लिएबो व बर्नहाइम यांच्या नान्सी संप्रदायाने सूचनेलाच संमोहनाचा पाया मानले. १८८९ साली फ्रॉइड त्याच नान्सीला जाऊन आले.

पणजीत १९४५ साली उभारलेल्या, रामचंद्र पांडुरंग कामत यांच्या शिल्पात फारियांचे हात एका स्त्रीवर रोखलेले दिसतात. ज्या हातांत काही नाही असे ते सांगत राहिले, तेच लोकांच्या स्मरणात राहिले! महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा भोंदूला शासन करू शकतो. परंतु भोंदूची पत त्याच्या भक्तांनीच उभी केलेली असते. ती काढून घेणेही त्यांच्याच हाती आहे, हाच फारियांच्या आयुष्याचा धडा होय.