चिंतामणराव देशमुख : निर्भीड वाणी आणि कायद्याचे कवच

कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा, याने देशाला दिलेली दोन थोर माणसे अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने जन्मली. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे आणि रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते येथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख. विनोबांनी १९४० मध्ये युद्धाविरुद्ध बोलण्याच्या हक्कासाठी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून कारावास पत्करला. देशमुखांची वाट सर्वस्वी निराळी होती, पण त्यांच्याही आयुष्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. सत्तेविरुद्ध बोलणाऱ्याला कायद्याने कोणते संरक्षण द्यायचे, हा तो प्रश्न.

वडील द्वारकानाथ हे वकील. चिंतामणरावांचे बालपण बरेचसे रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावला. मध्य प्रांत व वऱ्हाडात दीर्घकाळ सेवा केल्यानंतर ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढल्याच वर्षी ब्रेटन वुड्स परिषदेत त्यांनी भारताची बाजू मांडली. कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा हा रसिक १९५० मध्ये देशाचा अर्थमंत्री झाला आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेला.

डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत एका बड्या उद्योगसमूहाच्या विमा कंपनीतील गैरव्यवहारांचा पाढा वाचला. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १९५६ मध्ये, अर्थमंत्री देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. सभागृहातल्या एका भाषणाचे वजन किती असू शकते, हे त्यातून दिसले. मात्र त्यात एक उणीव होती. घटनेच्या १०५ व्या अनुच्छेदानुसार खासदाराला सभागृहातील वक्तव्यासाठी न्यायालयात खेचता येत नाही, पण तेच वक्तव्य छापणाऱ्या वृत्तपत्राला असे अभय नव्हते. धनाढ्य माणूस संपादकावर अब्रुनुकसानीचा दावा गुदरू शकत होता. असा दावा अखेर टिकला नाही तरी खर्च, हेलपाटे आणि मनस्ताप यांनी छोटे वृत्तपत्र गप्प बसत असे. ही फट बुजवण्यासाठी फिरोज गांधींनी खासगी विधेयक आणले आणि मे १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. संसदेच्या कामकाजाचा वृत्तांत मूलतः खरा, द्वेषबुद्धीविरहित आणि लोकहिताचा असेल, तर तो छापणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, हे त्याचे सूत्र.

दोनच महिन्यांत देशमुखांनी संसदेत निर्भीडपणे आपले मन मोकळे केले. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी मंत्रिपद सोडले. जुलै १९५६ मधील निवेदनात त्यांनी थेट पंतप्रधान नेहरूंच्या कार्यपद्धतीवर बोट ठेवले. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न करता घेतला गेला, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही मागणीही त्यांनी मांडली. आचार्य अत्रे, एसेम जोशी, डांगे यांच्या सभांनी पेटलेल्या महाराष्ट्रात या मितभाषी अर्थतज्ज्ञाच्या राजीनाम्याला निराळेच नैतिक बळ लाभले.

यानंतर देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये त्यांनी पुन्हा खळबळ उडवून दिली. उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासण्यासाठी एक कायमस्वरूपी, निःपक्ष न्यायाधिकरण नेमा, मी स्वतः काही प्रकरणे त्यापुढे ठेवीन, असे त्यांनी जाहीर केले. त्यांना नावे विचारली गेली. पण स्वतंत्र यंत्रणा नसताना नावे उघड करायला ते तयार नव्हते. त्यांची ही भूमिका नीट समजून घेतली पाहिजे. देशमुख आता खासदार नव्हते, सभागृहाचे कवच त्यांना उरले नव्हते. बाहेर बोलणाऱ्या सामान्य नागरिकाची जी अवस्था, तीच त्यांची होती. अशा न्यायाधिकरणाने परस्पर संशयाचे वातावरण वाढेल, असे नेहरूंना वाटले आणि त्यांनी ही सूचना स्वीकारली नाही. त्याच वर्षी देशमुखांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, त्यात अपयश आले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी मांडलेला प्रश्न त्यांच्यानंतरही जिवंत राहिला. १९५६ चा कायदा आणीबाणीत रद्द झाला, १९७७ मध्ये तो पुन्हा आला आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-अ च्या रूपाने त्याला घटनेचा आधार मिळाला. लोकपालाचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण त्यानंतर अनेक वर्षे तो अमलातच आणला गेला नाही.

संसदेबाहेर बोलणाऱ्याचे काय, हा प्रश्न तर अजून बाकीच आहे. केवळ तोंड बंद करण्यासाठी केलेले दावे सुरुवातीलाच फेटाळण्याची तरतूद कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये केली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसा निर्देश काढला. मार्च २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही अशा दाव्यांच्या धोक्याची दखल घेऊन, पूर्ण सुनावणीपूर्वी लेखनावर बंदी घालताना न्यायालयांनी सावध असावे, असे बजावले. स्वतंत्र कायदा करण्याचे काम मात्र संसदेचेच आहे. देशमुखांनी १९५६ मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडून जे बोलायचे ते बोलून घेतले, तेव्हा त्यांच्या पाठीशी सभागृहाचे अभय होते. रोह्यातल्या वा पेणमधल्या एखाद्या शिक्षकाला, शेतकऱ्याला किंवा स्थानिक पत्रकाराला लोकहिताचे सत्य बोलायचे असेल, तर त्यालाही कायद्याचा तेवढाच आधार मिळायला हवा.