शंतनुराव आणि इंजिनाची गार हवा

मे महिन्यात सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढणारा जुना ट्रक न बघताही ओळखू येतो. इंजिन घोगरते, वेग बैलगाडीवर येतो आणि मागे काळ्या धुराचा लोट सुटतो. चालक गाडीला दोष देतो, मालक डिझेलला. पण पुष्कळदा दोष हवेचा असतो. बालाघाटच्या पठारावर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आणि ४२ अंश तापमानात एक घनमीटर हवेत जेवढा प्राणवायू असतो, तो समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेतल्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी भरतो. चालक पाय दाबतो, डिझेल तेवढेच आत जाते, पण ते पुरते जाळायला प्राणवायू कमी पडतो. न जळलेला भाग काजळी होऊन रस्त्यावर उतरतो.

अवजड डिझेल इंजिने ज्यांच्यामुळे पुण्यात बनू लागली, ते शंतनुराव किर्लोस्कर याच मुलखाच्या उंबरठ्यावर जन्मले. २८ मे १९०३, गाव सोलापूर. धाराशिवहून सत्तरएक किलोमीटरवर. त्याच सुमारास त्यांचे वडील लक्ष्मणराव बेळगावात लोखंडी नांगर बनवत होते आणि लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीपायी शेतकरी ते घ्यायला तयार नव्हते. लक्ष्मणरावांचा पहिला धंदा मात्र सायकलींचा. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले होते. नांगराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, सायकलीची थोड्यांना. पण इंजिनात जाणाऱ्या हवेला गार का करावे लागते, हे समजून घ्यायला सायकलच्या दुकानातला हातपंप पुरेसा आहे. चाकात जोरात हवा भरल्यावर पंपाच्या बुडाला हात लावून पाहावा, चटका बसतो. घर्षणाचा त्यात थोडा वाटा असतो, पण मुख्य कारण दुसरेच. हवा दाबली की ती तापते.

शंतनुराव सात वर्षांचे असताना, १९१० मध्ये, वडिलांनी औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखाना हलवला. जागा निवडुंगाने भरलेली, पाण्याची ओढ, सापांचा सुळसुळाट. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या त्या जमिनीवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मुलगा भट्टी, लेथ आणि ओतकामाच्या आवाजात वाढला. पुढे तो अमेरिकेत बोस्टनजवळच्या एमआयटीत गेला आणि १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतला. त्या काळी शिकलेल्या मराठी मुलाला सरकारी नोकरी हा राजमार्ग वाटे. हा मात्र थेट वाडीच्या कारखान्यात कामाला लागला. नांगर, चरक, पंप, लोखंडी फर्निचर, जे विकेल ते बनवायचे असा तो काळ होता. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करण्याचा कारखाना निघाला.

१९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली. ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने पाच अश्वशक्तीचे, उभ्या सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे छोटे डिझेल इंजिन बनवायचे ठरले. कारखाना पुरता मार्गाला लागण्याआधीच घाव बसला. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत १९४८ मध्ये जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला. वडिलांनी अडतीस वर्षांत उभे केलेले एका दिवसात राख झाले. वाडी पुन्हा बांधली गेली आणि पुण्यातले इंजिनाचे कामही थांबले नाही. शंतनुरावांच्या स्वभावाबद्दल बरेच लिहिले गेले आहे, कौतुकाने आणि नाराजीनेही. पण १९४८ नंतर त्यांनी धंदा आवरता घेण्याऐवजी वाढवला, एवढे त्या स्वभावाबद्दल पुरे.

कंपनी निघाली तेव्हा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तो मुंबई राज्यात आला १९५६ मध्ये. गावोगाव वीज पोचायला आणखी वेळ लागला. त्या मधल्या काळात मराठवाड्यातल्या विहिरीवर मोटेची जागा घेतली ती डिझेल इंजिनाने. कित्येक घरांत त्याला नुसते इंजिन न म्हणता किर्लोस्करच म्हणत. या छोट्या इंजिनात टर्बो नव्हता, हवा गार करण्याची सोयही नव्हती. ते आपसूक जेवढी हवा ओढेल तेवढीच. त्याचे अंग थंड ठेवायला पंपाने उपसलेल्या पाण्यातलीच एक धार नळीने फिरवत. पाणी आटले की इंजिन तापे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्यावर इंजिने झाकून ठेवण्यापलीकडे करण्यासारखे काही उरले नाही.

हवा दाबायची आणि मग गार करायची, हे तंत्र शंतनुरावांच्या उद्योगात आधी दुसऱ्या वाटेने आले. १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी सुरू झाली. तिचे काम हवा दाबणारे कॉम्प्रेसर बनवण्याचे. मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये हवा एका दमात दाबत नाहीत. पहिल्या टप्प्यात थोडी दाबली की ती तापते. तशीच पुढे रेटली तर ताकद वाया जाते आणि तेल करपते. म्हणून दोन टप्प्यांच्या मध्ये तिला नळ्यांच्या जाळीतून फिरवून गार करतात. मध्ये बसतो म्हणून तो इंटरकूलर. ट्रकच्या इंजिनात हवा सहसा एकाच टप्प्यात दाबतात आणि नंतर गार करतात, तेव्हा त्याला आफ्टरकूलर म्हणणे जास्त बरोबर. पण बाजारात आणि गॅरेजमध्ये इंटरकूलरच रूढ झाला आणि आता तो बदलणार नाही.

१९६२ मध्ये शंतनुरावांनी अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीशी भागीदारी केली आणि पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. कमिन्स १९१९ पासून डिझेल इंजिनेच बनवत होती. हवा कोंबून भरण्याच्या तंत्रावर तिने बरीच मेहनत घेतली होती. १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत तिची टर्बो बसवलेली डिझेल मोटार पात्रता फेरीत सगळ्यांच्या पुढे राहिली. मुख्य शर्यतीत मात्र ती अर्ध्यावर थांबली, कारण टर्बोचे हवा ओढणारे तोंड जमिनीलगत होते आणि टायरांच्या रबराचा कचरा त्यात जाऊन बसला. मराठवाड्याची फुफाट्याची वाट माहीत असलेल्याला या गोष्टीचे नवल वाटणार नाही.

टर्बोची मूळ कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचे पेटंट १९०५ चे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात बरीच ताकद फुकट जाते. त्या धुराने एक चाक फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चाक बसवायचे आणि दुसऱ्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त गेली की तेवढ्याच आकाराच्या इंजिनात जास्त डिझेल नीट जळते. पण इथे सायकलच्या पंपाचा नियम आड येतो.

बाहेर ४० अंश तापमान असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १४० अंशांवर जाते. तापलेली हवा फुगते. त्यामुळे दाब दुप्पट झाला तरी हवेचे वजन दुप्पट होत नाही, दीडपटीच्या आसपासच राहते. निम्मा फायदा उष्णतेने खाल्ला. तीच हवा इंजिनात शिरण्याआधी ६० अंशांपर्यंत गार केली तर तिचे वजन जवळजवळ १.९ पट होते. नवीन पिस्टन नको, मोठे सिलिंडर नको. फक्त हवेची उष्णता काढून घ्यायची.

काढून घ्यायची कशी, हा कळीचा मुद्दा. कमिन्सच्या जुन्या पद्धतीत इंजिनाच्या अंगातून फिरणारे पाणीच या कामाला लावत. हवेच्या वाटेवर पाण्याच्या नळ्यांची जाळी बसवायची आणि तिच्यातून हवा पुढे सरकवायची. हे पाणी स्वतःच ८०-९० अंशांवर असते. एवढ्या गरम पाण्याने काय गार होणार, असे वाटेल, पण १४० अंशांच्या हवेपुढे ९० अंशांचे पाणीही गारच. हवा ९५ अंशांच्या जवळ उतरते आणि वजन १.७ पटीपर्यंत पोचते. पद्धत अटोपशीर, बाहेर लांबलचक पाइप नाहीत, धुळीत अडकणारी वेगळी जाळी नाही. हिवाळ्यात सकाळी तर हेच पाणी हवेला थोडे ऊबही देते. पण तिची मर्यादा उघड आहे. हवा इंजिनाच्या पाण्याहून गार होऊ शकत नाही. आणि जाळी गळू लागली तर पाणी सिलिंडरमध्ये उतरते. त्याची पहिली खूण म्हणजे गाडी तापल्यानंतरही थांबत नसलेला पांढरा धूर.

कमिन्सच्या इंजिनांची नावे या इतिहासाची नोंदच आहेत. एन ही १४ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनांची मालिका. पुढे टी आला तर टर्बो, आणि ए आला तर आफ्टरकूलर. आपसूक हवा ओढणारे याच आकाराचे इंजिन २५० अश्वशक्तीच्या आसपास ताकद देई, तर एनटीए ४०० पर्यंत जाई. पुण्यात बनलेली ही इंजिने खाणींतल्या डंपरांत, मातीकामाच्या अवजड यंत्रांत आणि मोठ्या जनित्रांवर बसली. रस्त्यावरचे नेहमीचे टाटा आणि लेलँडचे ट्रक मात्र पुढे कितीतरी वर्षे टर्बोशिवायच धावले. उसाच्या हंगामात धाराशिवच्या रस्त्यांवर दिसणारे जुने ट्रक बहुतेक त्याच पिढीचे.

नंतरच्या ट्रकांनी दुसरी पद्धत घेतली. टर्बोतून निघालेली हवा जाड पाइपाने गाडीच्या तोंडाशी न्यायची, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या जाळीतून फिरवायची आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने गार करायची. ५०-६० अंशांपर्यंत उतरवणारी ती हीच. ट्रकच्या अंगावर टीसीआयसी अशी अक्षरे दिसतात, ती टर्बो आणि इंटरकूलर दोन्ही असल्याची खूण. घाटात वेग कमी म्हणून वारा कमी, तेव्हा मदत इंजिनाच्या पंख्याची. या जाळीचे शत्रू ठरलेले आहेत. धूळ, किडे आणि उसाचे पाचट. पाकळ्या बुजल्या की हवा गार होत नाही. रबरी नळीचा पट्टा सैल झाला की दाबलेली हवा वाटेतच निसटते. दोन्हींचे लक्षण एकच, चढावर ओढ कमी आणि धूर काळा. अनुभवी मेकॅनिक आधी टर्बो उघडत नाही. साबणाचे पाणी लावून नळीवर बुडबुडे शोधतो.

धूर हा फक्त मालकाच्या खिशाचा प्रश्न नाही. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असा स्पष्ट निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये काढला. काजळीचे बारीक कण फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात. घाटातल्या धाब्यावर, टपरीवर, टोलनाक्यावर दिवसभर उभे राहणारे ती हवा घेत असतात. गार आणि भरपूर हवा मिळालेले इंजिन काजळी कमी सोडते. शिवाय ज्वाळेचे तापमान खाली आल्याने छातीला त्रास देणारी नायट्रोजनची ऑक्साइडेही कमी बनतात. २००० नंतर धुराचे नियम कडक होत गेले आणि ताकदीसाठी आलेला इंटरकूलर ट्रकांत सर्रास बसू लागला, याचे हेही कारण.

शंतनुरावांनी ते दिवस पाहिले नाहीत. त्यांचा उमेदीचा काळ परवान्यांच्या राज्यात गेला. किती इंजिने बनवायची, कोणता भाग बाहेरून आणायचा, याला दिल्लीची परवानगी लागे. सरकारी नियंत्रणांवर ते उघड टीका करत, व्यासपीठ उद्योजकांचे असो वा सरकारचे. अनेकांना ती भांडवलदाराची तक्रार वाटे. कामगार संघटनांशीही त्यांचे खटके उडाले. तरी १९६५ मध्ये पद्मभूषण त्यांना त्याच सरकारने दिले. निवडुंगाचा माळ त्यांच्या मनातून गेला नसावा. १९८२ मध्ये आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ‘कॅक्टस अँड रोझेस’.

१९९१ मध्ये परवान्यांची पकड सुटू लागली तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. २४ एप्रिल १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे कंपनीतली किर्लोस्करांची भागीदारी संपली आणि १९९८ मध्ये तिचे नाव कमिन्स इंडिया झाले. २००३ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढले. खाणीत अजून चालणाऱ्या एखाद्या जुन्या डंपरच्या इंजिनावरची पाटी फडक्याने पुसली, तर किर्लोस्कर कमिन्स आणि खाली एनटीए ही अक्षरे वाचता येतात.