तहाचे जामीन : महादजी शिंदे

रणांगणावर शौर्य गाजविणारे वीर महाराष्ट्रात पुष्कळ होऊन गेले. परंतु तलवार म्यान करून दोन शत्रूंच्या मध्ये उभे राहावे आणि त्या दोघांनीही आपल्या शब्दावर भरवसा ठेवावा, ही योग्यता फार थोड्यांस लाभली. पाटीलबावा या नावाने प्रसिद्ध असलेले महादजी शिंदे हे त्या थोड्यांपैकी एक होत.

महादजींचा जन्म सुमारे १७३० साली झाला. साताऱ्याकडील कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्यांचे ते धाकटे पुत्र. या घराण्याने मराठी राज्यासाठी जेवढे रक्त सांडले, तेवढे क्वचितच कोणी सांडले असेल. वडील बंधू जयाप्पा १७५५ साली नागोरास मारले गेले. दत्ताजी १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडले. आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या संहारात पुतणे जनकोजीही गेले. त्याच दिवशी पाठलाग करणाऱ्या एका पठाणाच्या घावाने महादजींचा पाय जायबंदी झाला. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांस उचलून सुखरूप दक्षिणेत आणले. महादजी जन्माचे लंगडे झाले. पण हा उपकार ते कधीही विसरले नाहीत. त्यांनी राणेखानास भाऊ मानले व पुढे मोठ्या सरदाराच्या पदास चढविले.

१७६८ साली घराण्याची सरदारकी त्यांच्या हाती आली. तीनच वर्षांनी मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि १७७२ च्या जानेवारीत परागंदा बादशहा शाहआलम यास त्याच्या राजधानीत पुन्हा आणून बसविले. पानिपतचा कलंक अशा रीतीने पुसला गेला.

परंतु महादजींच्या बुद्धीची खरी कसोटी पुढेच लागावयाची होती. पेशवेपदाच्या लोभाने राघोबादादांनी १७७५ साली सुरतेस इंग्रजांशी करार केला आणि त्यातून सात वर्षांचे युद्ध पेटले. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून येणाऱ्या इंग्रज फौजेस मराठ्यांनी वडगावाजवळ कोंडले व तिला तह करणे भाग पाडले. शरण आलेल्या शत्रूची कत्तल न करता महादजींनी त्यास परत जाऊ दिले. तो तह कलकत्त्याच्या इंग्रजांनी मानला नाही. युद्ध पुन्हा भडकले. १७८० च्या ऑगस्टात ग्वाल्हेरचा दुर्गम किल्ला रात्री शिड्या लावून इंग्रजांनी घेतला आणि पुढल्या मार्चात माळव्याच्या सीमेवर महादजींच्या छावणीवरच रात्री छापा घातला. तोफा गेल्या, सामान गेले.

अशा प्रसंगी अविचारी पुरुष सूडास प्रवृत्त झाला असता. महादजींनी परिस्थिती शांत चित्ताने तोलली. इंग्रजांपुढे त्या वेळी हैदरअल्लीचे संकट उभे होते, व त्यांनाही शांतता हवी होती. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजींनी कर्नल म्यूर याच्याशी स्वतःपुरता समेट केला आणि पुणे दरबार व कंपनी यांच्यात तह घडवून आणण्याचे काम अंगावर घेतले. कालपर्यंतचा सेनापती आज मध्यस्थ झाला!

कंपनीच्या वतीने डेव्हिड अँडरसन हा वकील त्यांच्या छावणीत आला, आणि १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळील सालबाई येथे तह ठरला. साष्टी इंग्रजांकडे राहिली. पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला मुलूख त्यांनी परत करावयाचा होता. राघोबादादांचा पक्ष इंग्रजांनी सोडला; दादांस दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक मिळाली. दोन्ही पक्ष अटी पाळतील याबद्दल स्वतः महादजी जामीन राहिले. हैदराशी झालेली मैत्री तोडणे नाना फडणिसांस पटत नव्हते. म्हणून त्यांनी कबुली लांबविली. डिसेंबरात हैदर मृत्यू पावला आणि १७८३ च्या आरंभी तह पक्का झाला. राघोबादादा गोदातीरी कोपरगावास येऊन राहिले व त्याच वर्षी निवर्तले.

साष्टी का सोडली, मित्राचा हात का सोडला, असा दोष महादजींस दिला जातो, व तो अगदीच निराधार नाही. या मध्यस्थीने त्यांचा स्वतःचाही लाभ झाला. इंग्रजांनी भडोच त्यांस दिले. परंतु मराठे व इंग्रज यांच्यात त्यानंतर वीस वर्षे युद्ध झाले नाही. त्या अवधीत महादजींनी उत्तर हिंदुस्थानचा कारभार हाती घेतला, द बॉयन याच्याकडून कवायती पलटणी तयार करविल्या, आणि १७८८ साली शाहआलमचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादरास पकडून शासन केले. १७९२ साली ते पुण्यास आले व १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या योग्यतेचे माप पुढील इतिहासाने दिले. सैन्य तेच, तोफा त्याच; परंतु दत्तक पुत्र दौलतरावांच्या ठिकाणी तो धोरणीपणा नव्हता. घरच्या कलहाने मराठमंडळ दुबळे झाले आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, भोकरदनजवळील असई येथे, त्या नामांकित पलटणींचा पराभव झाला. वर्षाखेरीच्या तहाने अजिंठ्याचे डोंगर व गोदावरी यांमधील शिंद्यांचे परगणे, जालन्याच्या किल्ल्यासह, त्यांच्या हातून गेले. ज्या भूमीवर आपण आज राहतो, तिच्या आसपासच त्या चुकीची किंमत मोजली गेली.

विद्यार्थिमित्रहो, पराभवाने खचू नये, विजयाने उन्मत्त होऊ नये आणि दिलेला शब्द शत्रूलाही खरा वाटावा असे वागावे, हा बोध या चरित्रापासून घेण्यासारखा आहे. लढाई जिंकावयास धैर्य लागते. परंतु झालेला तह टिकवावयास त्याहून मोठे शील लागते.