शेषाद्री अय्यर आणि कावेरीची वीज

विजयादशमीस म्हैसूरच्या राजवाड्यातून निघणारी मिरवणूक ज्या स्थळी विसावते, ते बन्नीमंटप होय. बन्नी म्हणजे शमी. शमीच्या गर्भात अग्नी वसतो, ही कल्पना संस्कृत काव्यपरंपरेस सुपरिचित आहे. अरणीमंथनाने, म्हणजे गतीने, तो प्रकट होतो. गतीतून तेज निर्माण करण्याचा एक सर्वस्वी निराळा उद्योग या संस्थानात ज्यांनी आरंभिला, ते दिवाण सर के. शेषाद्री अय्यर होत.

१८४५ साली पालघाटच्या एका तमिळभाषी कुटुंबात जन्मलेले शेषाद्री अय्यर १८६८ मध्ये म्हैसूरच्या सेवेत आले. रंगाचार्लू यांच्या निधनानंतर १८८३ साली ते दिवाण झाले आणि पुढील अठरा वर्षे त्या पदावर राहिले. ज्या ग्रंथसंग्रहात पुढे कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी गवसली, तो म्हैसूरचा प्राच्य ग्रंथसंग्रह त्यांच्याच कारकिर्दीत, १८९१ साली, उभा राहिला.

कोलारच्या सोन्याच्या खाणींवर संस्थानास स्वामित्वधन मिळे. परंतु तेथील वाफेच्या यंत्रांना इंधन महाग पडे. याउलट शिवनसमुद्र येथे कावेरीचा प्रपात अखंड कोसळत होता. दोहोंमधील अंतर मात्र सुमारे ९२ मैलांचे. अभियंता जोली द लोत्बिनियेर यांनी मांडलेल्या योजनेस दिवाणांनी पाठबळ दिले.

या योजनेचा पाया मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली घातला होता. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक नुसता ठेवला, तर काहीच घडत नाही. चुंबक हलला, म्हणजेच वेटोळ्यातून जाणारे चुंबकक्षेत्र बदलले, तरच तारेत प्रवाह उत्पन्न होतो. शिवनसमुद्र येथे हा बदल सतत घडवून आणण्याचे काम पाण्याच्या वेगाकडे सोपविले गेले. रोहित्राचे तत्त्वही हेच. एकाच लोखंडी गाभ्यावरील दोन वेटोळी एकमेकांस न जोडताही, एकीतील बदलत्या प्रवाहामुळे दुसरीत वीज उत्पन्न होते. फेऱ्यांच्या प्रमाणात दाब वाढविता वा घटविता येतो. दाब वाढविला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी हानी प्रवाहाच्या वर्गानुसार घटते. म्हणूनच ३५,००० व्होल्टच्या दाबाने ते अंतर ओलांडणे शक्य झाले.

हे यश पाहणे दिवाणांच्या नशिबी नव्हते. १९०१ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी १३ सप्टेंबरला निवर्तले. कोलारला वीज पोहोचली ती १९०२ च्या जूनअखेर.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक क्रम दृष्टीआड करता येत नाही. कावेरीची वीज प्रथम इंग्रज कंपन्यांच्या खाणींत गेली. बंगळूरचे दिवे १९०५ साली लागले आणि खुद्द राजधानी म्हैसूरला १९०८ पर्यंत थांबावे लागले. योजनेचा खर्च भागवू शकणारे गिऱ्हाईक आधी आणि प्रजा नंतर, असा हा हिशेब होता. तो कठोर होता. तथापि त्या हिशेबाविना एवढे धाडस संस्थानाच्या तिजोरीस पेलले असते, असे म्हणणे कठीण आहे.