मूठभर धान्याची श्रीमंती : कर्मवीर भाऊराव पाटील



भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. सर्व लोक त्यांना अण्णा म्हणत.

तरुणपणी अण्णा ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत. त्यासाठी ते खेडोपाडी हिंडत. शेतकऱ्यांची पोरं शाळेविना गुरांमागे फिरताना त्यांनी पाहिली. नांगर विकून यांचं दैन्य फिटणार नाही, शिक्षणच हवं, हे त्यांच्या मनानं घेतलं. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एकाच पंगतीला जेवत.

पण इतक्या मुलांना जेवू घालायचं कशानं? अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने एकेक करून वसतिगृहासाठी दिले. एकदा अण्णा फिरतीवर होते आणि कोठीत धान्य उरलं नव्हतं. तेव्हा त्या माउलीनं गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा दिलं. मुलं उपाशी झोपली नाहीत. केवढं हे मन! १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या.

दागिना एकदा मोडला की संपतो. भूक मात्र रोजची असते. म्हणून दान रोजचं हवं आणि ते गरिबालाही देता आलं पाहिजे. यासाठी मुष्टिफंड सुरू झाला. घरोघरच्या बायाबापड्यांनी मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढायचं. एका मुठीनं कुणाचं घर उपाशी राहत नाही, पण गावभरच्या मुठी गोळा केल्या की पोतं भरतं. शिवाय ज्यानं मूठ दिली, त्याला ती शाळा आपली वाटते.

दुसरा उपाय म्हणजे 'कमवा आणि शिका'. मुलांनी शेतात राबायचं, खोदकाम आणि बांधकाम करायचं, स्वयंपाकाला हात लावायचा आणि त्या कष्टावर शिकायचं. त्यामुळे फुकटचं खाल्लं असं कुणाला वाटत नसे आणि मान खाली घालावी लागत नसे.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. एका धनिकानं मोठी देणगी देऊ केली, पण कॉलेजला आपलं नाव द्या म्हणाला. अण्णांनी साफ नकार दिला, असं सांगतात. पैशाची गरज होती, पण शिवरायांचं नाव त्यांना विकायचं नव्हतं.

१९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. त्यांनी वडाचं झाड हे संस्थेचं बोधचिन्ह ठेवलं होतं. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून नवी खोडं होतात, तशा त्यांच्या शाळा गावोगाव पसरल्या.

मित्रांनो, आपल्याकडे फार पैसा नसेल. पण मूठ तर प्रत्येकाला आहे ना?