नामदार गोखले आणि गांवचा पैसा

कै. नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचें नांव महात्मा गांधींचे राजकीय गुरु म्हणून आपणांपैकीं बहुतेकांच्या कानीं आलें असेल. परंतु सरकार प्रजेकडून जो पैसा घेतें त्याचा हिशेब कसा वाचावा व कसा विचारावा, हें ज्यांनीं देशास शिकविलें, ते गोखले पुष्कळांस अपरिचित आहेत. शाळेच्या छपरावरील कौलें, गांवची विहीर, पारनेराहून नगरास जाणारा रस्ता, ह्या सर्वांचा खर्च कोठून तरी यावा लागतो. तो कोणीं सोसावा आणि कोणाच्या हातून व्हावा, हा प्रश्न त्यांनीं अखेरपर्यंत सोडला नाहीं.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक ह्या खेड्यांत झाला. १८७९ सालीं वडील निवर्तले. तेव्हां थोरले बंधु गोविंदराव ह्यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरिली व त्यांतून दरमहा आठ रुपये धाकट्या भावाच्या विद्येसाठीं पाठविले. दुसऱ्याच्या घासांतून आलेला पैसा किती जपून वापरावा, ह्याचा धडा गोपाळरावांस असा लहानपणींच मिळाला. १८८४ सालीं ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. पुढें पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत व नंतर फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें. त्यांनीं रचिलेलें अंकगणिताचें पुस्तक पुष्कळ वर्षें शाळांतून चाललें.

परंतु त्यांचें खरें शिक्षण न्यायमूर्ति माधवराव रानडे ह्यांच्यापाशीं झालें. सरकारी अहवाल, जमाबंदीचे तक्ते व अंदाजपत्रकें समोर ठेवून गुरु-शिष्य आंकड्यांचा अर्थ लावीत. ह्या अभ्यासाच्या बळावर १८९७ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनापुढें गोखल्यांनीं विलायतेंत साक्ष दिली. त्याच वेळीं प्लेगच्या बंदोबस्ताविषयीं हिंदुस्थानांतून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनीं तेथें कांहीं आरोप प्रसिद्ध केले. परत आल्यावर पुरावा मिळेना, म्हणून त्यांनीं जाहीर माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांचा उपहास त्यांस सोसावा लागला. पुढील आयुष्यांत त्यांचीं भाषणें आधारासाठीं प्रसिद्ध झालीं, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

२६ मार्च १९०२ रोजीं वरिष्ठ कायदेकौंसिलांत अंदाजपत्रकावर त्यांचें पहिलें भाषण झालें. सरकारच्या तिजोरींत शिल्लक उरली होती व अधिकारी तींत देशाची भरभराट पाहत होते. गोखल्यांनीं दाखवून दिलें कीं, दुष्काळ व प्लेग ह्यांनीं रयत गांजलेली असतां तिजोरींत पैसा साठतो, ह्याचा अर्थ इतकाच कीं कर गरजेपेक्षां अधिक घेतला जात आहे. मिठावरील कर तर त्यांस विशेष अन्यायाचा वाटे. कारण मीठ श्रीमंतास व मजुरास सारखेंच लागतें, पण त्यावरील कर मजुराच्या कमाईचा फार मोठा हिस्सा खातो. ते प्रतिवर्षीं हाच मुद्दा मांडीत राहिले. मणामागें अडीच रुपये असलेला हा कर १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड व १९०७ सालीं एक रुपयावर आला. हें सर्व श्रेय एकट्या गोखल्यांचें नव्हे. परंतु त्यांच्या चिकाटीचा त्यांत मोठा वांटा होता.

कर कमी करणें ही त्यांच्या विचारांची एक बाजू झाली. उरलेला पैसा लोकांच्या जवळच्या संस्थांस देऊन आरोग्य व शिक्षण ह्यांवर लावावा, ही दुसरी. ती समजण्यासाठीं त्या वेळची व्यवस्था पाहूं. १८८४ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत जिल्हा व तालुका लोकल बोर्डें झालीं. त्यांचें मुख्य उत्पन्न म्हणजे शेतसाऱ्यावर रुपयास एक आणा लोकल फंड. सोळा रुपये सारा भरणारा शेतकरी एक रुपया लोकल फंड देई. त्याचा एक-तृतीयांश, म्हणजे पांच आणे चार पै, शाळांकडे जाई. आपल्या पारनेरासारख्या अवर्षणाच्या तालुक्यांत जमीन हलकी, म्हणून सारा थोडा. सारा थोडा, म्हणून लोकल फंडही थोडा. शिवाय दुष्काळांत सारा तहकूब झाला कीं फंडाची आवकही थांबे. १८७५ सालीं सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांत पारनेर तालुक्यांतील गांवेंही होतीं; इतकी येथील रयत कर्जानें पिचलेली होती. ज्या गांवास मदतीची गरज अधिक, त्याच गांवाची पेटी रिकामी, असा हा पेंच होता.

गोखल्यांनीं स्वतः पुणें नगरपालिकेचें अध्यक्षपद भूषविलें असल्यामुळें हा पेंच त्यांस पुस्तकी नव्हता. १९०८ सालीं विकेंद्रीकरण कमिशनापुढें साक्ष देतांना त्यांनीं ग्रामपंचायतींस अधिकार व स्थानिक बोर्डांस लोकनियुक्त सभासद आणि पुरेसें उत्पन्न द्यावें, असें प्रतिपादिलें. नंतर १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें प्रसिद्ध बिल मांडलें. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळा सक्तीची करण्याची मुभा म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डें ह्यांस मिळावी. त्यांनीं जरूर तर शिक्षणपट्टी बसवावी. खर्चाचा एक-तृतीयांश भार त्यांनीं व दोन-तृतीयांश सरकारनें उचलावा, अशी त्यांची योजना होती. स्थानिक लोकांनीं कांहींच न दिलें तर शाळेविषयीं आपलेपणा राहत नाहीं. सर्वच त्यांच्यावर टाकलें तर गरीब तालुका कायमचा मागें पडतो. ह्या दोहोंचा तोल त्या हिशेबांत होता.

बिलास विरोध झाला तो मुख्यतः पैशावरून. लोक नवी पट्टी सोसणार नाहींत, असें अनेक अधिकाऱ्यांचें म्हणणें. आणि कौंसिलांतील कांहीं हिंदी सभासदही प्रतिकूल होते. १९ मार्च १९१२ रोजीं तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं बिल पडलें. अपयश येईल हें गोखल्यांस ठाऊक होतें. तरीही त्यांनीं हिशेब शेवटपर्यंत मांडला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, पुण्यास त्यांचा अंत झाला.

बी मात्र वायां गेलें नाहीं. १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत म्युनिसिपालिट्यांस शिक्षण सक्तीचें करण्याचा अधिकार मिळाला. १९६२ सालीं लोकल बोर्डांची जागा जिल्हा परिषद व पंचायत समिती ह्यांनीं घेतली. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें पंचायतींस किती पैसा द्यावा हें सुचविण्यासाठीं राज्य वित्त आयोग आवश्यक ठरला, आणि २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

म्हणून, मुलांनो, ग्रामसभेंत गांवचा जमाखर्च वाचला जाईल तेव्हां वडिलांबरोबर जाऊन तो ऐका. पैसा कोणाकडून आला व कोणाच्या उपयोगीं पडला, हे दोन प्रश्न नम्रपणें पण निर्भयपणें विचारा. गोखल्यांचें स्मरण करण्याचा ह्याहून सरळ मार्ग नाहीं.