पाट्या रंगविणारा निको

काळ्या समुद्राच्या पूर्वेस, कॉकेशस पर्वताच्या कुशीत जॉर्जिया नावाचा एक छोटा देश आहे. द्राक्षांच्या मळ्यांसाठी तो फार पुरातन काळापासून प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे रशियाच्या झारची सत्ता होती. या देशातील काखेती प्रांतात, मिर्झानी नावाच्या खेड्यात, १८६२ साली एका गरीब शेतकऱ्याच्या घरी निको पिरोस्मानाश्विली याचा जन्म झाला. पुढे जगाने त्याला निको पिरोस्मानी या सुटसुटीत नावाने ओळखले.

निकोचे आईबाप त्याच्या लहानपणीच वारले. पोरका झालेला हा मुलगा तिफ्लिस शहरात आला व एका श्रीमंत कुटुंबाच्या आश्रयाने वाढला. तिफ्लिस म्हणजेच आजचे त्बिलिसी. तेथे तो जॉर्जियन व रशियन लिहावाचावयास शिकला. परंतु चित्रकलेच्या शाळेचा उंबरठा त्याने कधी ओलांडला नाही. जे काही तो शिकला, ते स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या डोळ्याने.

विशीत असताना त्याने आपल्यासारख्याच एका हौशी चित्रकाराबरोबर दुकानांच्या पाट्या रंगविण्याचा उद्योग सुरू केला. तो चालला नाही. मग काही वर्षे त्याने रेल्वेत नोकरी केली, तीही सुटली. नंतर भागीदारीत दूधदुभत्याचे दुकान काढले. तेही टिकले नाही. व्यवहारात जमाखर्च जुळविणे हे निकोचे काम नव्हेच! अखेर त्याने रंगांची व कुंचल्यांची साथ धरली, ती जन्मभर सोडली नाही.

तिफ्लिसच्या गल्लीबोळांत तेव्हा पुष्कळ ‘दुखान’ असत. दुखान म्हणजे जेथे जेवण आणि द्राक्षांची दारू मिळते अशी साधी खानावळ. आपला ‘दुकान’ हा शब्द आणि हा ‘दुखान’ हे एकाच कुळातले आहेत. या खानावळींच्या पाट्या आणि भिंतींवर टांगावयाची चित्रे निको रंगवून देई. मोबदला म्हणून कधी थोडी नाणी मिळत, पण बहुधा एक वेळचे जेवण आणि पेलाभर दारू यांवरच त्याला समाधान मानावे लागे. पुढे या दारूनेच त्याचे शरीर पोखरले, हेही येथे सांगितले पाहिजे.

निकोची चित्र काढण्याची रीत मोठी नवलाची होती. तो पुष्कळदा कॅनव्हासऐवजी काळ्या मेणकापडावर चित्रे काढी. इतर चित्रकार पांढऱ्या पृष्ठभागावर काळोख रंगवितात. निको काळोखावर उजेड रंगवी. डोळ्यांची बुबुळे, केस, रात्रीचे आकाश अशा जागी तो कित्येकदा रंग लावीतच नसे. मेणकापडाचा मूळ काळा रंगच तेथे उघडा ठेवी. त्यामुळे रंग वाचे, कामही झपाट्याने होई, आणि त्याच्या चित्रांतील माणसे व जनावरे अंधारातून आपल्याकडे टक लावून पाहत आहेत असे वाटे. मेजवानीला बसलेले शेतकरी, लाल सदरा घातलेला कोळी, हरणे, गाई, जिराफ, सारे त्याच्या चित्रांत आले. बाराव्या शतकातील राणी तमार हिचेही चित्र त्याने काढले. राणीला त्याने पाहिलेले असणे शक्यच नव्हते. पण तिच्या प्रजेच्या मनात ती जशी होती, तशी त्याने रंगविली.

मुलांनो, आवडत्या नटाचे छायाचित्र समोर ठेवून, त्यावर पेन्सिलीने चौकोन आखून, हुबेहूब चित्र काढण्याचा खटाटोप तुमच्यापैकी कित्येकांनी केला असेल. नाक साधते, तर डोळे बिघडतात! छायाचित्र आपल्याला रेषा देते, छाया देते; परंतु त्या नटाविषयी आपल्याला जे वाटते, ते काही त्यात नसते. ते आपल्याला घालावे लागते. निकोने १९०९ साली एका नटीचे जे चित्र रंगविले, त्याची थोरवी यातच आहे.

या नटीचे नाव मार्गारिता. ती फ्रान्समधून तिफ्लिसला खेळ करण्यासाठी आली होती. निकोच्या चित्रात ती पांढरा पोशाख घालून, हाती फुलांचा गुच्छ घेऊन अगदी समोर उभी आहे. रंगभूमीवरचा झगमगाट तेथे नाही, टाळ्या पिटणारे प्रेक्षक नाहीत. मूर्तीसारखी स्तब्ध अशी ती उभी आहे. हातपायांची ठेवण शाळेत शिकलेल्या चित्रकाराने काढली असती तशी नाही. पण चित्र काढणाऱ्याच्या मनात तिच्याविषयी केवढा आदर होता, हे पाहणाऱ्याला क्षणात कळते.

या चित्रामागे एक गोष्ट सांगतात. निकोने म्हणे आपले दुकान विकून शहरातील सगळी फुले विकत घेतली आणि गाड्या भरभरून मार्गारितेच्या दारापुढे ओतली. या गोष्टीवर पुढे गाणेही झाले व ते देशोदेशी गाजले. गोष्ट गोड आहे खरी. पण मला विचाराल तर ती दंतकथाच असावी. फुलांच्या गाड्या कोणी मोजून ठेविल्या नाहीत. चित्र मात्र आजही आहे, आणि दुकान विकून आणलेली फुले दोन दिवसांत सुकली असती.

१९१२ सालच्या उन्हाळ्यात तीन तरुण तिफ्लिसमधील एका खानावळीत शिरले. किरिल व इल्या झ्दानेविच हे दोघे भाऊ, आणि त्यांचा मित्र मिखाइल ल-दांत्यू. भिंतींवरची चित्रे पाहून ते जेवण विसरले! ही चित्रे कोणाची, तो मनुष्य राहतो कोठे, याचा त्यांनी शोध चालविला. दुसऱ्या वर्षी इल्याने निकोकडून स्वतःचे चित्र करवून घेतले. ते निकोने छायाचित्रावरून रंगविले. इल्याने वर्तमानपत्रात लेख लिहून निकोची ओळख करून दिली, आणि त्याच वर्षी मॉस्को येथील एका प्रदर्शनात निकोची चार चित्रे मांडण्यात आली. त्यांत इल्याचे ते चित्रही होते. निको मात्र तिफ्लिसमध्येच पाट्या रंगवीत होता.

त्याचे दिवस पालटले, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, रशियन साम्राज्यात दारूबंदी झाली आणि खानावळी ओस पडल्या. निकोचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. १९१६ साली जॉर्जियन कलावंतांच्या संस्थेने त्याला सन्मानाने सभेस बोलाविले. शहराच्या मध्यभागी एक मोठे लाकडी घर बांधावे, तेथे सर्वांनी जमावे, चहा प्यावा आणि कलेविषयी बोलत बसावे, एवढीच इच्छा त्याने तेथे बोलून दाखविली. त्याच वर्षी त्याचे छायाचित्र काढण्यात आले. जन्मभर दुसऱ्यांची रूपे रंगविणाऱ्या या माणसाचे आपल्याला ठाऊक असलेले छायाचित्र तेवढेच. परंतु लवकरच एका वृत्तपत्रात त्याच्या अडाणीपणाची थट्टा करणारे व्यंगचित्र छापून आले. ते त्याच्या जिव्हारी लागले. तो लोकांत मिसळेनासा झाला.

अखेरच्या दिवसांत तो रेल्वे स्टेशनाजवळ एका घराच्या जिन्याखालच्या कोंदट जागेत राहत असे. १९१८ च्या एप्रिल महिन्यात उपासमारीने व आजाराने तो मरण पावला. त्याला नेमके कोठे पुरले, याची खूण उरली नाही.

त्याची कित्येक चित्रे नष्ट झाली. कोणी त्यांवर दुसरा रंग फासला, कोणी ती फेकून दिली. किरिलने खानावळी पालथ्या घालून जमविली, त्यांमुळे पुष्कळ वाचली. आज सुमारे दोनशे चित्रे शिल्लक आहेत. १९९५ साली जॉर्जियाने स्वतःचे चलन काढले, तेव्हा एक लारीच्या नोटेवर निकोचा चेहरा छापला. ज्याच्या खिशात क्वचितच पैसा असे, त्याचा!

१९६९ साली पॅरिस येथे, लूव्र राजवाड्यात निकोच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. मार्गारितेचे चित्रही तेथे होते. प्रदर्शन चालू असताना एक वृद्ध बाई आली, त्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली, आणि ती मार्गारिता आपणच असे तिने सांगितले, अशी आठवण सांगतात. त्या चित्राशेजारी तिला उभी करून कोणीतरी तिचे छायाचित्र काढून घेतले.